एक बटण आणि दोन दिवे

मित्रांनो, डिसेंबर महिन्यातली एक पहाट डोळ्यांपुढे आणा. वर्धा जिल्ह्यात कापसाचा हंगाम भरात आला आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावातून एक ट्रॅक्टर निघाला आहे. मागच्या ट्रॉलीत कापूस शिगोशीग भरलेला आहे. हिंगणघाटच्या बाजारात लवकर पोहोचले, तर काट्यावर लवकर नंबर लागतो. म्हणून शेतकरी अंधारातच घरातून बाहेर पडला आहे.

वणा नदीच्या बाजूला दाट धुके उतरले आहे. ट्रॅक्टरचे दिवे जुने. त्यांचा पिवळा, मंद उजेड चार पावलांवर संपतो. पुढे एक बैलबंडी चालली आहे, तिला दिवाच नाही. मध्येच एखादा रोही उड्या मारत रस्ता ओलांडतो. (नीलगाईला आपल्या विदर्भात रोही म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच.) अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात येते, 'पुढे आणखी दोन चांगले दिवे असते, तर किती बरे झाले असते!'

मग एक दिवस तो बाजारातून दोन दिवे आणतो. एक बटण आणतो, पाच-सहा मीटर तार आणतो. काम अगदी सोपे दिसते. बॅटरीपासून तार बटणापर्यंत न्यायची, बटणापासून दिव्यांपर्यंत न्यायची. जोडावर तारा पिळायच्या आणि वरून काळी टेप गुंडाळायची. बटण दाबले की दिवे लागतात. घरातली मुले टाळ्या वाजवतात.

आठ-दहा दिवसांनी बटण हाताला गरम लागू लागते. दिव्यांचा उजेडही पहिल्यासारखा वाटत नाही. आणि एके रात्री बटणाजवळून प्लॅस्टिक जळाल्याचा वास येतो. मागे ट्रॉलीत कापूस आहे! कापसाला एक ठिणगी पुरते. जिनिंगच्या आवारात विडी ओढू नये, अशा पाट्या का लावलेल्या असतात, ते आपल्याकडच्या मुलांना निराळे सांगायला नको.

बटण का तापले? दिवे चांगले होते, बटणही नवे होते, तार तांब्याची होती. मग चूक कोठे झाली? या पाठात आपण तेच पाहणार आहोत.

आधी थोडा हिशेब करू. अवघड नाही. दिव्यावर किती वॉट लिहिले आहेत ते पाहायचे आणि त्या संख्येला व्होल्टने भागायचे. उत्तर येते ते अँपियर, म्हणजे तारेतून वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहाचे माप. तुमच्या घरात २३० व्होल्टची वीज येते. जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा बल्ब लावला, तर त्यातून सुमारे पाव अँपियर प्रवाह जातो. आता ट्रॅक्टरकडे या. त्याची बॅटरी १२ व्होल्टची. (इंजिन चालू असताना व्होल्ट थोडे वाढतात, पण हिशेब सोपा राहावा म्हणून आपण १२ धरू.) धुक्यातल्या दिव्यात पुष्कळदा ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब असतो. ५५ भागिले १२ म्हणजे सुमारे साडेचार अँपियर. दोन दिव्यांचे मिळून नऊ अँपियर!

पाहिलेत? ट्रॅक्टरचा दिवा घरच्या बल्बपेक्षा थोडा लहानच, पण त्याच्या तारेतून जाणारा प्रवाह मात्र सुमारे अठरापट. व्होल्ट कमी, म्हणून प्रवाह जास्त. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा पाठ तिच्यावरच उभा आहे. घरातले वायरिंग पाहून ज्याची नजर तयार झाली आहे, तो गाडीच्या बाबतीत इथेच फसतो. '१२ व्होल्टने तर साधा झटकाही बसत नाही, मग भ्यायचे कशाला?' असे तो म्हणतो. झटका बसत नाही हे खरे आहे. पण प्रवाह मोठा असला, की तार तापते आणि जोड तर त्याहून अधिक तापतो.

जोड म्हणजे दोन धातू जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. पिळलेल्या तारा वरून घट्ट दिसल्या, तरी आत त्या काही ठिकाणीच एकमेकींना टेकलेल्या असतात. पावसाळ्यात टेपच्या आत ओल शिरते. तांबे हिरवट पडते. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. बॉनेटखाली तर त्याहून किती तरी जास्त उष्णता असते. तिथे टेपचा चिकटपणा वितळतो आणि टेप सुटून लोंबू लागते. शेतातल्या ढेकळांवरून ट्रॅक्टर उड्या मारत जातो, तेव्हा जोड सैल होतो. अशा बिघडलेल्या जोडात विजेला अडथळा होतो. या अडथळ्याला 'रोध' म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली विजेचा दाब, प्रवाह आणि रोध यांच्यातला संबंध आपल्या ग्रंथात मांडला. त्यांचेच नाव या एककाला दिलेले आहे.

समजा, एका जोडाचा रोध फक्त ०.२ ओहम आहे. ही संख्या क्षुल्लक वाटते. परंतु उष्णतेचा नियम मोठा कडक आहे. प्रवाहाला प्रवाहानेच गुणायचे आणि आलेल्या उत्तराला रोधाने गुणायचे. नऊ गुणिले नऊ म्हणजे ८१ आणि ८१ गुणिले ०.२ म्हणजे सुमारे १६ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातात डाग देण्याची जी लहान इस्त्री असते, ती २५ वॉटची असते. म्हणजे तुमच्या टेपखाली जवळजवळ एक लहानशी इस्त्रीच तापत पडली आहे! हाच जोड घरच्या बल्बच्या तारेत असता, तर पाव अँपियरला तो कधी कोमटही झाला नसता.

आता शेतकऱ्याच्या बटणाकडे पाहू. लहान बटणाच्या आत पितळेच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. बटण दाबले की त्या एकमेकींना टेकतात. नऊ अँपियर प्रवाह तोडताना त्यांच्यामध्ये दर वेळी बारीक ठिणगी उडते. ठिणगीने पट्टीचा पृष्ठभाग काळा पडतो. काळा पडला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते आणि उष्णतेने पट्टीचा ताण ढिला पडतो. मग ठिणगी आणखी मोठी उडते. अशा रीतीने बटण स्वतःच स्वतःला जाळून घेते. बटण वाईट नव्हते. त्याच्या पाठीवर त्याच्या ताकदीबाहेरचे ओझे टाकले होते, एवढेच.

तारेचेही तसेच. बॅटरीपासून डॅशबोर्डवर आणि तिथून परत पुढे दिव्यांपर्यंत अशी पाच मीटर तार लागली असे धरा. तार अर्धा वर्ग मिलिमीटर जाडीची असेल, तर तिच्यातच सुमारे दीड व्होल्ट खर्च होतात. दिव्याला मिळतात फक्त साडेदहा. 'दीड व्होल्टने काय बिघडते?' असे तुम्ही म्हणाल. हॅलोजनच्या दिव्याचे तेच तर वैशिष्ट्य आहे. व्होल्ट एक दशांशाने कमी झाले, तर उजेड सुमारे तीन दशांशांनी घटतो. इथे तर एक अष्टमांश कमी झाले, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश उजेड गेला. शेतकऱ्याने दिव्याचे पूर्ण पैसे मोजले आणि उजेड मात्र तारेत हरवून बसला.

यावर उपाय काय? मोठे बटण आणि जाड तार घ्यावी का? तसे करता येते. पण त्याहून चांगली युक्ती आहे. तिचे नाव रिले.

हा शब्द मोठा मजेदार आहे. पूर्वी लांबच्या प्रवासात एका ठिकाणी दमलेले घोडे सोडून ताजे घोडे जुंपत. त्या ताज्या घोड्यांना इंग्रजीत रिले म्हणत. तुम्ही इतिहासात शेरशाह सूरची माहिती वाचली असेल. त्याच्या राज्यात मोठ्या रस्त्यांवर सराया बांधलेल्या होत्या आणि तिथे डाकेसाठी घोडे तयार असत. थकलेला स्वार पत्र पुढच्याच्या हातात देई आणि ताजा घोडा ते घेऊन दौडत सुटे. पुढे तारायंत्र निघाले, तेव्हा हीच अडचण विजेला आली. लांब तारेतून जाताना प्रवाह थकू लागला. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास एक तोड काढली. थकलेल्या प्रवाहाने फक्त एक लहान विद्युतचुंबक चालवायचा. त्या चुंबकाने एक पट्टी ओढायची. आणि त्या पट्टीने दुसऱ्या, ताज्या बॅटरीचा मार्ग जोडून द्यायचा. भारतात कोलकाता ते डायमंड हार्बर ही तारेची पहिली ओळ १८५१ मध्ये सुरू झाली. 'तार' हा शब्द मराठीतही आहे आणि उर्दूतही. धातूची तार आणि तारेने आलेला निरोप, दोन्ही अर्थांनी तो दोन्ही भाषांत चालतो. निरोपाची तार आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तारायंत्रातली ती युक्ती आजही लाखो वाहनांच्या बॉनेटखाली 'टक' असा आवाज करीत असते.

ट्रॅक्टरमधला रिले काड्यापेटीहूनही लहान असतो. तो काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद असतो आणि खाली चार चपटी टोके असतात. टोकांजवळ बारीक इंग्रजी आकडे असतात : ३०, ८७, ८५ आणि ८६. हे आकडे जर्मन मानकावरून आलेले आहेत आणि ते समजले, की निम्मे काम समजले. ८५ आणि ८६ ही आतल्या चुंबकाच्या गुंडाळीची दोन टोके. ३० या टोकाला बॅटरीकडून जाड तार येते. ८७ या टोकावरून जाड तार दिव्यांकडे जाते. गुंडाळीतून प्रवाह गेला, की चुंबक पट्टी ओढतो आणि ३० व ८७ एकमेकांना जोडले जातात. दिवे लागतात.

गुंडाळीला किती प्रवाह लागतो? साधारण ०.१५ अँपियर. आता बटणातून तेवढाच प्रवाह जाईल. कुठे नऊ अँपियर आणि कुठे ०.१५! ठिणगी नाही, उष्णता नाही, वास नाही. बटण आता ओझे वाहत नाही, फक्त हुकूम देते. ओझे वाहायला जाड तार आणि मजबूत रिले आहेत, तेही बॅटरीच्या आणि दिव्यांच्या जवळ. त्यामुळे जाड तारेची वाटही लहान होते आणि उजेड वाया जात नाही. डॅशबोर्डपर्यंत फक्त बारीक तारा जातात.

या मांडणीत आणखी एक शहाणपण करता येते. बटणाला वीज थेट बॅटरीवरून न घेता पार्किंग दिव्याच्या तारेवरून घ्यावी. मग ट्रॅक्टरचे बाकीचे दिवे बंद केले, की हे दोन दिवेही आपोआप विझतात. नाही तर काय होते? रात्री घरी आल्यावर बटण तसेच राहून जाते. ७५ अँपियर-तासांची भरलेली बॅटरी नऊ अँपियरने आठ तासांत पार रिकामी होते. सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही आणि घरातली सगळी माणसे तो ढकलत बसतात.

आता फ्यूजकडे वळू. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमकुवत जागा. तारेची प्लॅस्टिकची साल कोठे तरी घासून गेली आणि उघडे तांबे लोखंडी सांगाड्याला टेकले, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपियर प्रवाह सोडते. तार लाल होते. तसे होण्याआधी फ्यूज वितळतो आणि मार्ग तुटतो. आपल्या दोन दिव्यांसाठी १५ अँपियरचा फ्यूज योग्य आहे. चपट्या फ्यूजमध्ये १५ अँपियरचा रंग निळा असतो, १० चा लाल आणि २० चा पिवळा. फ्यूज कोठे बसवायचा, यात पुष्कळ जण चुकतात. तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणाचेच रक्षण नसते, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा.

फ्यूज उडाला की त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चकचकीत कागद किंवा तांब्याची तार घालणारे काही महाभाग असतात. 'काम चालले ना!' असे ते वर म्हणतात. माझ्या मते ज्या ट्रॉलीत कापूस आहे, तिच्या पुढे असा फ्यूज लावणे आणि हातात जळती काडी घेऊन बसणे, यात फारसा फरक नाही.

तारांचे जोड कसे करावेत? दिव्यांच्या मार्गासाठी अडीच वर्ग मिलिमीटरची तार घ्यावी. बटणाच्या मार्गाला एक वर्ग मिलिमीटर पुरते. तारेच्या टोकावरची साल सोलून तिथे थिंबल बसवतात. थिंबल म्हणजे धातूची लहान टोपी. बॅटरीच्या नटाखाली बसते ते गोल थिंबल आणि रिलेच्या टोकावर सरकते ते चपटे. थिंबल दाबण्यासाठी खास पक्कड मिळते. दातांनी किंवा हातोडीने दाबलेले थिंबल सैल राहते. दाबून झाल्यावर तार ओढून पाहावी. निघून आली तर चांगलेच झाले, कारण रस्त्यावर निघण्यापेक्षा हातात निघालेली बरी. जोडावर रबरी नळी चढवून ती गरम केली, की आवळून घट्ट बसते आणि पाणी आत जात नाही. जिथे जोड पुन्हा सोडावा लागतो, उदाहरणार्थ दिव्यापाशी, तिथे कपलर लावतात. त्याच्या दोन बाजू एकमेकींत 'कट' असा आवाज करून अडकतात आणि धक्क्याने सुटत नाहीत. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांच्या तारांनाही असाच चांगला जोड हवा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मध्ये लोंबणारी उघडी तार मी पुष्कळदा पाहिली आहे आणि दर वेळी माझी नजर आधी कापसाकडे जाते.

पत्र्याच्या भोकातून तार नेताना त्या भोकात रबरी कडे बसवायला विसरू नये. पत्र्याची कडा सुरीसारखी असते. इंजिनाच्या हादऱ्यांनी ती रोज थोडी थोडी साल कापत राहते.

आता राहिली परतीची वाट. वीज बॅटरीतून निघाली, दिव्यात आली. पण परत जायला तिला मार्ग लागतोच. वाहनात हा मार्ग म्हणजे लोखंडी सांगाडा. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते, म्हणून दिव्याची दुसरी तारही सांगाड्याला जोडतात. मिस्त्री याला 'अर्थ' म्हणतात. दिवा मंद लागला, की लोक बल्ब बदलतात, बटण बदलतात, शेवटी बॅटरीला दोष देतात. पुष्कळदा दोष अर्थमध्येच असतो. रंगावरून किंवा गंजावरून नट आवळला, तर वीज जाणार कोठून? ती जागा खरवडून चकचकीत करावी, दातेरी वॉशर घालून नट आवळावा आणि वरून थोडे ग्रीस लावावे.

एवढे वाचून लगेच पक्कड हातात घेऊ नका. मिस्त्रीच्या शेजारी बसून आधी पाहा. आपल्याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली होती. हाताने काम करता करता मुलांनी शिकावे, हा विचार तिथे मांडला गेला. त्याचा अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. पुढे ते भारताचे राष्ट्रपती झाले. त्या योजनेत सूतकताई होती, शेती होती. आज ते लिहायला बसते तर वायरिंगही घेतले असते, असे मला उगीचच वाटते.

मिस्त्री सर्वांत आधी काय करतो, ते पाहा. तो बॅटरीच्या ऋण टोकाची तार काढतो. धन टोक आधी सोडू लागला आणि पाना सांगाड्याला टेकला, तर लखकन ठिणगी उडते. ऋण टोक निघाल्यावर ती भीती राहत नाही. काम पूर्ण झाल्यावर ते टोक सर्वांत शेवटी जोडायचे.

दिवे बसवण्याची जागाही विचाराने निवडतात. धुक्याचे दिवे खाली, मुख्य दिव्यांपेक्षा कमी उंचीवर असतात आणि त्यांचा उजेड रुंद व जमिनीलगत पडतो. वर लावले, तर धुक्याचे थेंब तो उजेड आपल्याच डोळ्यांवर परत फेकतात. समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे लावणे तर गुन्हाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे वाहनाच्या पुढे शोधदिवा आपल्या मनाने लावता येत नाही. रात्रीच्या नांगरणीसाठी ट्रॅक्टरच्या मागे लावलेला दिवा शेतातच चांगला. रस्त्यावर आला, की तो विझवावा. जाम चौरस्त्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्गाला लागताना मागून येणाऱ्या ट्रकचालकाला तो आंधळा करतो. हल्ली कमी वॉटचे एलईडी दिवे मिळतात. त्यांना प्रवाह कमी लागतो, पण ओलसर जोड आणि सैल अर्थ त्यांनाही सोसत नाही.

सगळे बसवून झाले. मिस्त्री बटण दाबतो आणि कान देऊन ऐकतो. रिलेतून 'टक' आवाज आला आणि दिवे लागले, तर छान. 'टक' आवाज आला पण दिवे लागले नाहीत, तर बटणाचा मार्ग ठीक आहे. दोष जाड तारेत, मोठ्या फ्यूजमध्ये, दिव्यात किंवा अर्थमध्ये शोधायचा. 'टक' आवाजच आला नाही, तर दिव्यांना हात लावण्याचे कारण नाही; दोष बटण, बारीक तार किंवा गुंडाळी यांच्यातच आहे. एका आवाजाने निम्मा ट्रॅक्टर तपासून होतो!

मग दिवे दहा मिनिटे चालू ठेवायचे. ते बंद करून एकेका जोडाला बोट लावून पाहायचे : बॅटरीजवळचे थिंबल, फ्यूज, रिलेची ३० आणि ८७ ही टोके, कपलर, अर्थचा नट. बल्बजवळची काच गरम असणारच, तिला हात लावू नका. बाकीचा एखादा जोड शेजारच्या तारेपेक्षा गरम लागला, तर तो तोडून पुन्हा करायचा. सगळे जोड थंड लागले, की मगच ट्रॉलीत कापूस भरायचा.